वासालॉपेतच्या आधीचा आठवडा

मंगळवार

स्टॉकहोमहून मोराला जाणाऱ्या गाडीत मार्चच्या पहिल्या रविवारच्या आधी सामान ठेवायला जागा मिळत नाही. सगळीकडे स्कीच्या लांबलचक पिशव्या. माझी पिशवी मी पायांशी उभी धरून चार तास बसले. शेवटच्या टप्प्यात सिलियान सरोवर लागलं. पूर्ण गोठलेलं, मधूनच त्यावर कुणीतरी चालताना दिसत होतं. काठावरची घरं गडद तांबडी. हा रंग फालूनच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीपासून करतात आणि या भागात तो इतका दिसतो की पांढऱ्या बर्फाइतकाच तोही डोळ्यांत बसतो.

वासालॉपेत ही ९० किलोमीटरची स्कीची शर्यत आहे. सेलेनजवळच्या बेर्गा गावातून निघायचं आणि मोराच्या चर्चपाशी पोचायचं. पहिली शर्यत १९२२ साली झाली, ११९ जण धावले. आता पंधरा हजारांच्या वर लोक नावं देतात. त्यातले जिंकण्यासाठी आलेले अगदी थोडे. बाकी सगळे माझ्यासारखे, नोकरी-घर सांभाळून वर्षभर सराव करणारे.

शर्यतीमागची गोष्ट पाचशे वर्षांपूर्वीची. डेन्मार्कच्या राजाविरुद्ध उठाव करा, असं सांगायला गुस्ताव वासा नावाचा तरुण सरदार मोराला आला. लोकांनी मनावर घेतलं नाही, म्हणून तो नॉर्वेच्या दिशेने निघून गेला. मग मोराकरांचं मन बदललं आणि त्यांनी दोन पटाईत स्कीबाजांना त्याच्या मागे पाठवलं. सेलेनजवळ त्यांनी त्याला गाठलं आणि परत आणलं. १५२३ मध्ये तो स्वीडनचा राजा झाला. आज सगळे धावतात ती दिशा त्याच्या परतीची.

मी एका निवृत्त गृहस्थांच्या घरी खोली घेतली आहे. या आठवड्यात मोरातली कितीतरी घरं अशा पाहुण्यांना खोल्या देतात. दार उघडताच त्यांनी माझ्या स्की हातात घेऊन तळ पाहिला, मग मला विचारलं, "तू पहिल्यांदाच?" इथे लहानथोर सगळे एकमेकांना एकेरीच हाक मारतात. ते स्वतः 'वासालॉपेत व्हेटरन' आहेत, म्हणजे तीस वेळा शर्यत पूर्ण केलेले. जेवताना त्यांनी मला एकच गोष्ट ठासून सांगितली: ताकद आता वाढणार नाही, या आठवड्यात फक्त वाट, स्कीच्या तळाचं मेण आणि घड्याळ.

मला ते पटलं. उन्हाळाभर मी डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्कींवर, म्हणजे रोलर स्कीवर, सराव केला, पावसात जिममधल्या पोलिंगच्या यंत्रावर दोर ओढले, डिसेंबरपासून स्टॉकहोमजवळच्या ओगेस्टाच्या कृत्रिम बर्फाच्या फेऱ्या मारल्या. दंड आणि पाठ जेवढी तयार व्हायची तेवढी झाली. पण त्या फेरीत पुढचं वळण तोंडपाठ असतं. नव्वद किलोमीटरचं तसं नाही, आणि हौशी माणूस थकतो तो बहुतेक वेळा पुढे काय आहे हे माहीत नसल्यामुळे, असं माझं मत आहे.

बुधवार

सकाळी उणे नऊ. शेवटापासून सुरुवात करायची असं मी आधीच ठरवलं होतं. मोराहून उलट एल्ड्रिसपर्यंत नऊ किलोमीटर कडेकडेने गेले आणि तिथून शर्यतीच्या दिशेने परत आले.

ज्यांनी ही चाकोरी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. यंत्राने बर्फ दाबून त्यात समांतर खाचा पाडलेल्या असतात, दोन्ही स्कींना एकेक. स्की त्यात बसली की दिशा सांभाळावी लागत नाही, जोर सगळा पुढे जाण्यात लावता येतो. ही शर्यत क्लासिक पद्धतीची आहे, म्हणजे स्केटिंगसारखे पाय बाजूला फेकत जाता येत नाही. एकतर आळीपाळीने पाय मारत जायचं, नाहीतर दोन्ही काठ्या एकदम रोवून अंग पुढे झोकायचं. दुसऱ्या प्रकाराला डबल पोलिंग म्हणतात. आघाडीचे लोक आता सबंध नव्वद किलोमीटर तसंच जातात.

डबल पोलिंग दंडांनी करायचं असतं असं बघणाऱ्याला वाटतं. खरं काम पोटाचं. काठ्या रोवायच्या, कोपरं वाकलेलीच ठेवायची आणि पोट आवळून वरचं सगळं वजन काठ्यांवर सोडायचं. हात मांडीच्या मागे गेले की लगेच उभं राहायचं, कंबर पुढे. उभं राहण्याचा हा क्षण जो आळशीपणाने घेतो त्याची पाठ चाळीस किलोमीटरला बोलायला लागते. एल्ड्रिस ते मोरा हा पट्टा सपाट, त्यामुळे तिथे हेच करायचं. मी मुद्दाम संथ लयीत केलं. रविवारी संध्याकाळी अंगात एवढंच उरलेलं असेल आणि एवढंच पुरायला हवं.

शेवटी गावात शिरल्यावर एक छोटा चढ, मग उजेडाचे खांब, मग चर्चचा मनोरा दिसतो आणि समोर शेवटची कमान. तिच्यावरचं वाक्य इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे: पूर्वजांच्या वाटेने, उद्याच्या विजयांसाठी. मी कमानीखालून गेले नाही. बाजूने वळून परतले.

गुरुवार

आज एवर्ट्सबेर्ग. यजमानांनी स्वतःच्या गाडीतून सोडलं.

हे गाव ४७ किलोमीटरवर, म्हणजे निम्म्याच्या जरा पुढे. इथपर्यंत वाट बरीचशी चढती किंवा उंचावरची आहे. इथून पुढे उतार सुरू होतो. थकलेले लोक एवर्ट्सबेर्गची वाट बघत असतात ती त्यासाठी. मला मात्र या शर्यतीत कशाची भीती असेल तर उताराची. चढावर फार तर दम लागतो. उतारावर वेग आपला नसतो.

म्हणून सबंध सकाळ मी तोच उतार पुन्हा पुन्हा केला. सहकाऱ्याने शिकवलेली युक्ती अशी: एक स्की चाकोरीतच ठेवायची आणि दुसरी बाहेर काढून टाच बाहेर ढकलायची, म्हणजे अर्धाच नांगर (पूर्ण नांगरात दोन्ही टाचा बाहेर ढकलतात). वजन चाकोरीतल्या पायावर, ब्रेक दुसऱ्या पायाच्या आतल्या कडेने. गुडघे मऊ, हात पुढे. नजर स्कीच्या टोकावर गेली की तोल गेलाच समजा, ती वीस-तीस मीटर पुढेच राहिली पाहिजे. पहिल्यांदा ब्रेक लावताना बर्फाचा करकर आवाज मोठा वाटतो. नंतर त्याच आवाजावरून कळायला लागतं की बर्फ पकडतोय की नुसता घासतोय. करकर खोल असेल तर कड बसली आहे. आवाज कोरडा, खरवडल्यासारखा आला की खाली बर्फ गोठून काचेसारखा झालेला असतो आणि तिथे ब्रेक लागत नाही, तिथे सरळ जाऊन पुढे मऊ जागी थांबावं लागतं.

रविवारी माझ्या आधी हजारो लोक या उतारावरून गेलेले असतील. चाकोरी उखडलेली, मधे भुसभुशीत ढिगारे, कडेला कुणी ना कुणी पडलेलं. त्यामुळे मी दुपारपर्यंत थांबून उन्हाने मऊ झालेल्या आणि लोकांनी तुडवलेल्या बर्फावरही उतरून पाहिलं. तेव्हा सकाळी जमलेलं अर्धं पुन्हा नव्याने करावं लागलं. ढिगाऱ्यात स्की एकदम अडते आणि अंग पुढे जातं, म्हणून एक पाय किंचित पुढे ठेवून उतरायचं.

यजमान घ्यायला आले तेव्हा एक फ्लास्क घेऊन आले होते. त्यात गरम ब्लूबेरीचं सूप. शर्यतीत हेच मिळतं, दाट, जांभळं, गोड. ते म्हणाले, "आत्ताच पिऊन बघ, पोटाला ओळख असू दे." रविवारी पोटाला काहीही नवं द्यायचं नाही हा सगळ्या लांब शर्यतींचा नियम आहे, आणि इथे तो पाळायचा तर सूप आधी प्यायलाच हवं.

शुक्रवार

विश्रांती. सकाळी जाऊन छातीवरचा नंबर आणि घोट्याला बांधायची चिप घेतली. माझा गट शेवटचा, दहावा. ज्यांच्या नावावर आधीच्या एखाद्या मान्य शर्यतीची वेळ नाही त्यांना तिथेच उभं करतात. गावात आज रिले चालू होती, पाच-पाच जणांचे संघ नव्वद किलोमीटर वाटून घेतात. जरा वेळ टाळ्या वाजवत उभी राहिले.

मग शर्यतीच्या संग्रहालयात गेले. जुन्या लाकडी स्की, चामड्याचे पट्टे, बांबूच्या काठ्या. मी आले होते ते मार्गिट नॉर्डिनसाठी. १९२३ साली, शर्यतीच्या दुसऱ्याच वर्षी, ही व्यायामशिक्षिका ९० किलोमीटर धावली. वेळ १० तास ९ मिनिटं ४२ सेकंद. पुढच्याच वर्षी बायकांना बंदी झाली आणि ती १९८० पर्यंत राहिली. १९८१ पासून वाट पुन्हा उघडली. मधल्या काळात काही बायका पुरुषांच्या वेशात धावल्या.

सत्तावन्न वर्षं. नॉर्डिन वेळेत, धडधाकट पोचली होती, तरी पुढच्या बायकांना दार बंद. मला याचा राग येतो आणि तो यायलाच हवा असं वाटतं. माझ्या आईच्या वयाच्या स्वीडिश बायकांना त्यांच्या उमेदीच्या वर्षांत इथे उभं राहता आलं नाही. आज माझा नंबर मला एका मुलीने हसत हातात दिला, कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळी मी घड्याळाच्या पट्ट्यावर पेनाने १०:०९:४२ लिहून ठेवलं. तेवढी वेळ माझ्या आवाक्यात नाही हे मला माहीत आहे. लिहिलं ते सोबतीसाठी.

शनिवार

आजचा दिवस मेणाचा. यजमानांच्या तळघरात लाकडी बाक, त्यावर स्की उलटी आवळून ठेवायची सोय, आणि भिंतीवर अनेक वर्षांच्या हवामानाच्या नोंदी.

स्कीची रचना समजली की मेण समजतं. ती धनुष्यासारखी कमानदार असते. दोन्ही पायांवर सारखं वजन असेल तेव्हा मधला भाग बर्फाला जेमतेम टेकतो किंवा टेकतच नाही, टोकं सरकत राहतात. एका पायावर सगळं वजन टाकून खाली दाबलं की मधला भाग बर्फावर चिकटतो आणि पुढे ढकलायला आधार मिळतो. म्हणून टोकांना सरकायचं मेण आणि मधे पकडीचं मेण. पकडीच्या मेणात बर्फाचे कण क्षणभर रुततात आणि पाय उचलला की सुटतात. मेण बर्फाच्या मानाने कडक झालं तर कण रुतत नाहीत आणि पाय मागे घसरतो. मऊ झालं तर कण सुटतच नाहीत आणि तळाला बर्फाचे गोळे चिकटतात. सगळी विद्या या दोन चुकांच्या मधे आहे.

अंदाज असा: पहाटे सेलेनला उणे सहा-सात, दुपारी मोराकडे शून्याच्या जवळ, रात्रीतून थोडा ताजा बर्फ. एकाच दिवसात दोन हवामानं. निळं मेण सकाळी उत्तम, दुपारी घसरणार. जांभळं दुपारी चांगलं, सकाळी ताज्या बर्फात गोळे धरण्याची भीती. यजमानांनी उपाय सांगितला आणि आम्ही तसंच केलं.

आधी टोकांचं काम. इस्त्रीवर मेणाची वडी टेकवून थेंब तळावर पाडायचे, मग इस्त्री न थांबवता फिरवायची. ती एका जागी राहिली तर तळ जळतो. मागे ओली चमकती रेघ हातभर उरली पाहिजे, तेवढा वेग बरोबर. गार झाल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने सगळं खरवडून काढायचं, मग ब्रशने घासायचं. नव्याने शिकणाऱ्याला इतकं लावून सगळंच काढून टाकणं पटत नाही. पण काम करतं ते तळाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरलेलं मेण, वरचं नुसतं अडवतं. पूर्वी फ्लोरीनची मेणं फार वापरत, पाणी झटकायला त्यांच्याइतकं काही नव्हतं. ती आता शर्यतींत चालत नाहीत आणि ते बरं झालं, कारण ती द्रव्यं मातीत-पाण्यात वर्षानुवर्षं तशीच राहतात.

मग मधला भाग. सॅंडपेपरने खरखरीत केला, त्यावर चिकट अस्तराचं मेण इस्त्रीने बसवलं. हे अस्तर नसेल तर पकड निम्म्या वाटेतच झिजून जाते. ते थंड झाल्यावर जांभळ्याचे पातळ थर, प्रत्येक थर बुचाने चोळून गुळगुळीत केलेला, आणि सगळ्यात वर निळ्याचे दोन. सकाळी निळं काम करेल, ते झिजेल तसं जांभळं वर येईल. शिवाय वाटेत थांब्यांवर मेण लावून द्यायची सोय असते, तिथे दहा मिनिटं गेली तरी चालतील असं ठरवून टाकलं.

मग घड्याळ. सकाळी आठला सुरुवात. वाटेतल्या प्रत्येक थांब्याची स्वतंत्र मुदत असते. ती टळली की चाकोरीवर आडवा दोर ताणतात आणि मागच्यांना बसने मोराला आणतात. मी कागदाच्या चिठ्ठीवर माझ्या वेळा लिहिल्या: स्मोगान ९:५०, मोंग्सबूदार्ना ११:२०, रीसबेर्ग १२:५०, एवर्ट्सबेर्ग २:१५, ऑक्सबेर्ग ३:४५, होकबेर्ग ४:५५, एल्ड्रिस ५:५५. पहिल्या अकरा किलोमीटरना जवळजवळ दोन तास दिले आहेत. सुरुवातीचं मैदान संपताच तीन किलोमीटरचा चढ आहे, उंची सुमारे १७० मीटर, आणि हजारो लोक एकाच वेळी तिथे शिरतात. मागच्या गटांना तिथे रांगेत उभं राहावं लागतं. ती रांग गृहीत धरली तर तिचा त्रास होत नाही.

नऊला झोपायला गेले. झोप फारशी लागली नाही, पण शुक्रवारची चांगली झाली होती आणि तीच महत्त्वाची असते म्हणतात.

रविवार

पहाटे बस. सगळे गप्प, कुणी ओट्स खातंय, कुणी डोळे मिटून. बेर्गाला पोचल्यावर लोक पळत जाऊन आपापल्या गटाच्या कुंपणात स्की मांडून जागा धरतात. मीही मांडल्या. उणे सात. वरचे कपडे पिशवीत भरून मोराला जाणाऱ्या ट्रकमध्ये टाकेपर्यंत शेवटचा अर्धा तास उरला होता आणि तो मी उड्या मारत काढला.

आठला पुढचे सुटले. आमच्यापर्यंत हालचाल पोचायला वेळ लागला. चढाच्या पायथ्याशी अपेक्षेप्रमाणे सगळं थांबलं. एक पाऊल, थांबा, एक पाऊल. शेजारच्या माणसाच्या काठीवर मागून कुणाची तरी स्की आली आणि काठी मोडली. तो एक क्षण बघत राहिला, मग एकाच काठीने चढू लागला. मी माझ्या काठ्या अंगालगत उभ्या धरल्या होत्या, यजमानांनी तसं बजावलं होतं. निळं मेण छान पकडत होतं. आजूबाजूला लोक घसरत होते आणि माझा पाय जिथे टेकवला तिथेच राहत होता. शनिवारचे ते सगळे तास तिथे कामी आले.

स्मोगान ९:५८. मोंग्सबूदार्ना चिठ्ठीप्रमाणे. रीसबेर्गच्या आधीचा चढ लांब आणि कंटाळवाणा, तिथे माझी बारा-तेरा मिनिटं गेली. सूप प्रत्येक थांब्यावर प्यायले, गोड पाव दोनदा खाल्ला.

एवर्ट्सबेर्ग २:२९. उतार. चाकोरी उखडलेलीच होती. एक स्की आत, एक बाहेर, नजर पुढे. खरवडल्याचा कोरडा आवाज आला तिथे ब्रेक सोडून सरळ गेले, ढिगाऱ्यात एक पाय पुढे काढला. खाली पोचले तेव्हा मांड्या थरथरत होत्या आणि मी मोठ्याने काहीतरी ओरडले, मराठीतच. या सबंध दिवसात मला सर्वांत अभिमान वाटला तो तिथे.

ऑक्सबेर्गला निळं संपून जांभळंही घसरायला लागलं. थांबून मेण लावून घेतलं. होकबेर्गच्या चढावर त्याचा फायदा झाला. एल्ड्रिसला अंधार पडत होता, डोक्यावरचा दिवा लावला. पुढचे नऊ किलोमीटर बुधवारची लय. छोटा चढ, उजेडाचे खांब, मनोरा. या वेळी कमानीखालून गेले.

१० तास ४७ मिनिटं. मार्गिट नॉर्डिन लाकडी स्कींवर माझ्या सदतीस मिनिटं आधी पोचली होती. यजमान कठड्यापाशी उभे होते. त्यांनी आधी माझी स्की उलटी करून मेण किती उरलंय ते पाहिलं, मग पाठ थोपटली.

आता माझ्या नावावर एक वेळ आहे, पुढच्या नोंदणीला गट ठरवताना ती पाहतील. मला रीसबेर्गच्या चढावर वेळ मिळवायची आहे. उन्हाळ्यात रोलर स्की सपाटीवर कमी आणि चढावर जास्त करणार आहे, काठ्या जरा आखूड घेऊन बघणार आहे, आणि पहिल्या चढापुरता निळ्याचा आणखी एक थर वर देणार आहे.